टेलच्या सेलला पाणी पोचतं का?

बारामतीत इलेक्ट्रिक गाडी घेतली की पहिले काही महिने लोक एकच प्रश्न विचारतात, "एका चार्जिंगमध्ये किती पळती?" आकडा काहीही सांगा, समोरचा मान डोलावतो आणि मनातल्या मनात त्यातून तीस टक्के कापून घेतो. पाडवा उलटला, रसवंतीची घुंगरं वाजायला लागली की प्रश्न बदलतो. "उन्हाचं काय करती?" विचारणाऱ्याच्या आवाजात काळजी असते, डोळ्यांत मात्र गाडीनं उन्हात काहीतरी करावं आणि शक्यतो आपल्यादेखत करावं, अशी भाबडी आशा असते. २०२२ च्या उन्हाळ्यात इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्याच्या चित्रफिती घराघरात पोचल्या होत्या. त्यानंतर केंद्र सरकारनं बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक केले. नियम कडक झाल्याची चित्रफीत मात्र कुणी कुणाला पाठवली नाही.

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तोंडी देऊन भागत नाही, बॉनेट उघडावं लागतं. आपल्याकडे रस्त्याकडेला कुणाचंही बॉनेट उघडलं की जाणारा-येणारा थांबतो, आणि थांबला की सल्ला दिल्याशिवाय हलत नाही. माझ्या भाच्याच्या गाडीचं बॉनेट एमआयडीसीजवळच्या चहाच्या टपरीसमोर उघडलं गेलं, तेव्हाही मंडळी हातातले ग्लास सांभाळत पुढे सरकली, आत डोकावली आणि गप्प झाली. आत इंजिन नव्हतं. नारिंगी रंगाच्या जाड केबली, ॲल्युमिनियमचे दोन-तीन डबे, आणि कडेला पांढुरक्या प्लॅस्टिकच्या बाटल्या. बाटलीवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन रेघा, आणि त्यांच्या मधोमध निळसर पाणी.

"हिंजिन?" एकानं विचारलं.

"इंजिन नसतं यात," भाचा म्हणाला.

"मंग तापतंय काय?"

प्रश्न बिनतोड होता. विचारणारे म्हातारे गृहस्थ साखर कारखान्यात बॉयलरवर नोकरी करून निवृत्त झालेले होते. तापण्याच्या विषयात त्यांना बनवणं शक्य नव्हतं. भाच्यानं मग टपरीच्या फळकुटावर बोटानं आकृती काढून समजावलं. सीटखाली बॅटरी असते. बॅटरी म्हणजे ओळीनं लावलेले पुष्कळ सेल. वीज आत घेताना आणि बाहेर सोडताना ते तापतात. त्यांच्या खाली ॲल्युमिनियमची सपाट पट्टी असते, तिच्या पोटात बारीक नळ्या, त्यांतून हे निळं कूलंट पंपानं फिरवलं जातं. एका सेलपासून दुसऱ्या सेलपर्यंत, तिथून पुढच्या, असं करत शेवटपर्यंत.

बॉयलरवाल्या बाबांनी चहाचा शेवटचा घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, "म्हंजी पाटाचं पाणी. टेलला गार पोचतंय का?"

भाचा पाच मिनिटं काही बोलला नाही. नंतर गाडीत बसल्यावर मला म्हणाला, "मामा, हा प्रश्न विचारायला आमच्या कंपनीत लोकांना इंजिनिअर व्हावं लागतं."

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न सुचण्यासाठी इंजिनिअर व्हावं लागत नाही. ब्रिटिशांच्या काळात खोदलेला नीरा डावा कालवा वीरजवळून निघतो, पुरंदर-बारामती करत इंदापुरात जाऊन संपतो. वरच्या अंगाला तो हेड आणि खालच्या अंगाला तो टेल. हेडला पाणी कालव्यात असतं आणि टेलला ते पेपरात असतं, अशी टेलच्या लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची तक्रार आहे. उन्हाळी आवर्तन सुटलं की कोणत्या फाट्याला किती दिवस, कोणत्या चारीला किती तास, पाटकऱ्यानं दार रात्री कुणासाठी उचललं, यावर इथं भाऊबंदकी होते आणि सोयरिकीही मोडतात. शेवटी पाटबंधारे खात्याला 'टेल टू हेड' म्हणजे आधी शेवटच्याला, मग वरच्याला असं धोरण काढावं लागलं. बॅटरीतही नेमकं हेच दुखणं आहे. कूलंट पहिल्या सेलपाशी गार असतं, वाटेत प्रत्येकाची उष्णता गोळा करत शेवटच्या सेलपाशी पोचेपर्यंत स्वतःच कोमट होतं. पहिला सेल मजेत आणि शेवटचा तापलेला, अशी स्थिती वर्षानुवर्षं राहिली तर शेवटचा लवकर झिजतो, आणि ओळीतला एक झिजला की सगळ्या ओळीची ताकद त्याच्यावर येऊन ठरते. म्हणून सेलांमधला तापमानाचा फरक पाच अंशांच्या आत ठेवायची अभियंत्यांची धडपड असते. त्यासाठी ते जाणारी नळी आणि परतणारी नळी शेजारी शेजारी घेतात, म्हणजे गारव्याची वाटणी बरोबर होते. कालव्याच्या बाबतीत असं काही करता येत नाही, कारण सेल मोर्चा काढत नाहीत, शेतकरी काढतात.

आता त्या निळ्या पाण्याविषयी. ते नुसतं पाणी का नाही, हा प्रश्न टपरीवर लगेच आला, कारण विकतची गोष्ट फुकटात कशी भागेल हे पाहणं हा आपला स्वभाव आहे. शास्त्र टपरीच्या बाजूनं होतं. उष्णता वाहून नेण्यात पाण्याचा हात धरणारं स्वस्त काही नाही. एक किलो पाणी एका अंशानं तापवायला ४.१८ किलोज्यूल लागतात. त्यात निम्मं इथिलीन ग्लायकॉल मिसळलं की हा आकडा साडेतीनच्या आसपास घसरतो. म्हणजे कूलंट घालून आपण पाण्याची ताकद कमीच करतो. तरी घालतात, कारण ते लवकर उकळत नाही, त्यातली औषधं आतल्या धातूला गंजू देत नाहीत, आणि थंडीत ते गोठत नाही. डब्यावर लिहिलेलंच असतं, 'उणे ३७ अंशांपर्यंत न गोठण्याची हमी'. कंपनीनं ही हमी बारामतीत मनापासून पाळली आहे. आजवर एकही तक्रार नाही.

"बोअरचं घाला की," असा सल्ला आला, तेव्हा मात्र मी मध्ये पडलो. कालव्याच्या कडेच्या जमिनी पाण्यानं खारावलेल्या आहेत. आमच्या बोअरचं पाणी गिझरच्या कॉइलवर चुन्याचं असं लिंपण चढवतं की ती काढून भिंत रंगवता यावी. पट्टीतल्या त्या बारीक नळ्यांत हे पाणी गेलं, तर टेललाच काय, हेडलाही काही पोचायचं नाही. शिवाय इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड. त्यामुळे डबा कुत्र्यामांजरांपासून आणि 'बघू बरं चव' म्हणणाऱ्या पाहुण्यांपासून लांब ठेवावा लागतो.

पण खरी गंमत पुढे आहे, आणि ती मला कळायला बरेच दिवस लागले. पेट्रोल गाडीचं कूलंट नव्वद अंशांच्या आसपास फिरतं. बाहेर बेचाळीस अंशांचा वैशाख पेटलेला असला तरी नव्वदच्या मानानं ती झुळूकच. रेडिएटरवरून वारा गेला की काम झालं. बॅटरीचं तसं नाही. तिला साधारण पंचवीस ते पस्तीस अंश मानवतात, चाळीस ओलांडले की ती कुरकुरते. आणि बाहेर बेचाळीस. आता पस्तीसला राहायचं असलेल्या वस्तूवर बेचाळीसची हवा घातली तर ती गार कशी होणार? उलट वाराच तिला तापवणार. म्हणजे बारामतीच्या दुपारी रेडिएटर असून नसल्यासारखा. मग गाडी एसीच्या गॅसचा आधार घेते. चिलर नावाचा एक छोटा भाग असतो, त्यात एसीचा गारवा कूलंटला दिला जातो आणि कूलंट तो बॅटरीला नेऊन देतं. एसीचा कॉम्प्रेसर एकच, आणि वाटेकरी दोन, बॅटरी आणि आत बसलेली माणसं. उन्हाळ्यात कूलंटची चाचणी घेतात ती मुख्यतः या वाटणीची.

कंपन्या ही चाचणी रीतसर घेतात. राजस्थानच्या वाळवंटात गाड्या नेतात. पुण्यातली एआरएआय ही संस्था १९६६ पासून गाड्या तपासत आलेली आहे. अशा संस्थांत हवामानाच्या खोल्या असतात. आत पाहिजे तेवढं ऊन दिव्यांनी पाडता येतं आणि पाहिजे तेव्हा बंद करता येतं. हे बटण आमच्याकडे नाही. पण बाकी साहित्य निसर्गानं पुरवलेलं आहे. देशात उष्णता, दुष्काळ आणि खारट जमीन यांचा पिकांवर आणि जनावरांवर पडणारा ताण अभ्यासायला केंद्रानं २००९ साली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था काढली, तेव्हा जागा निवडली ती बारामतीजवळच्या माळेगावची, खडकाळ माळावर. निवड समितीचं मला कौतुक वाटतं. ताण कुठं मुबलक मिळेल हे त्यांना बरोबर समजलं. अजैविक म्हणजे कीड, रोग अशा जिवंत कारणांनी न आलेला. सासुरवाडीचा ताण जैविक असल्यामुळे तो त्यांच्या कक्षेत येत नाही.

आणि उन्हाचा आकडा तरी कुठला खरा मानायचा? पेपरात येतो तो सावलीतला असतो. हवामान खात्याचा तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरवर ठेवलेला असतो. ही पेटी थॉमस स्टीव्हन्सन यांनी बनवली, 'ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्या स्टीव्हन्सनचे वडील. त्यामुळे 'बारामती ४१' असं छापून येतं ते पेटीच्या आतलं. पेटीबाहेरच्यांनी आपापलं बघावं. खात्याचं मुख्यालयही १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणजे थंडीत बसून उन्हाविषयी लिहिण्याची सोय त्यांनीच सोडली, हे मान्य केलं पाहिजे. मोरोपंत तर याच बारामतीत राहून एकशे आठ रामायणं लिहून मोकळे झाले. त्यांच्या भक्तीविषयी शंका नाही. पण कऱ्हाकाठी चैत्र-वैशाखात अकरा ते पाच घराबाहेर पडायची सोय नसते, हेही त्यामागचं एक कारण असावं, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

अशा उन्हात घराबाहेर पडायला तसंच सबळ कारण लागतं, आणि ते पंचांगानं दिलं. मागच्या वेळी श्रावण अधिक होता, जावई पावसात भिजत धोंडे खाऊन आले. यंदा ज्येष्ठ अधिक. म्हणजे मे महिन्याच्या भट्टीत सासुरवाडीला जायचं आणि पुरणाचे धोंडे तुपाच्या धारेसकट पोटात ढकलून तेहतीस अनारशांचं वाण घेऊन यायचं. भाच्याची सासुरवाडी निमगाव केतकीच्या अलीकडे, शेतात. भाच्याच्या डोक्यात कल्पना आली की जातोच आहोत तर गाडीची चाचणीही उरकून घ्यावी. कंपन्या चाचणीच्या गाडीत वाळूच्या गोण्या भरतात, पूर्ण वजन पडावं म्हणून. आमच्याकडे अक्का होती, दाजी होते, भाचेसून होती, मी होतो, आंब्याची पेटी होती आणि ताकाची किटली होती. वजन गोण्यांइतकंच भरलं. फरक एवढाच की वाळूच्या गोण्या 'एसी वाढव रे' म्हणत नाहीत.

चाचणीसाठी गाडी आधी उन्हात तापवावी लागते. भाच्यानं ती सकाळपासून मुद्दाम अंगणात उघड्यावर उभी केली. दाजींनी दोनदा ती कडुनिंबाखाली घ्यायला लावली, भाच्यानं दोनदा परत बाहेर काढली. अकराला निघालो तेव्हा सीटवर बसल्याबरोबर अक्का जी उठली ती सतरंजीची घडी घातल्याशिवाय परत बसली नाही. स्टेअरिंगच्या खाली एक खाच असते, तिच्यात भाच्यानं काडेपेटीएवढं यंत्र बसवलं आणि मोबाइलवर बॅटरीचं पोट उघडं झालं. सगळ्यात गरम सेल ३५, सगळ्यात गार सेल ३३. कूलंट आत जाताना किती, बाहेर येताना किती, पंप किती जोरात, सगळं.

"मामा, तुम्ही आकडे लिहून घ्या," असं म्हणून त्यानं मोबाइल माझ्याकडे दिला.

काटेवाडी गेली, भवानीनगरचा छत्रपती कारखाना गेला. कारखाना बंद होता. मे महिन्यात धुराडं गार असतं, ऊस वाहणारे ट्रॅक्टर दारापुढं उभे असतात. पालखी मार्ग रुंद झाल्यापासून रस्ता झकास झाला आहे आणि सावली गेली आहे, त्यामुळे चाचणीच्या दृष्टीनं सोन्याहून पिवळं. सणसर, लासुर्णे आणि मग जंक्शन. इथं रेल्वे येत नाही, कुठलीच लाइन कुठल्याच लाइनीला मिळत नाही, तरी गावाचं नाव जंक्शन. उजवीकडे वालचंदनगरचा फाटा फुटतो. तिथल्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटच्या मोटारींची कवचं बनली आहेत. आत हजारो अंशांचा जाळ होतो, कवच तो सोसतं आणि रॉकेट अवकाशात जातं. "आणि आपण निमगावला जाताना चाळीस अंशांचं टिपण काढतोय," असं दाजी म्हणाले. दाजींचा मुद्दा मला पटला, पण मी चाचणी पथकात असल्यामुळे गप्प बसलो.

जंक्शनच्या पुढे गरम सेल ३८ वर गेला आणि चिलर जागा झाला. ते मोबाइल बघून कळायच्या आधी अक्काला कळलं.

"एसी का रे कमी केलास?"

"मी नाही केला. बॅटरीनं घेतला."

"म्हणजे?"

"बॅटरी तापली की गारवा आधी तिला जातो, उरलेला आपल्याला."

गाडीत थोडा वेळ शांतता पसरली. मग दाजी म्हणाले, "गाडीचा हप्ता कोण भरतंय, तिला माहिती हाय का?"

भाच्यानं समजावलं, की दहा अंश वाढले की बॅटरीच्या आतली रासायनिक झीज ढोबळ हिशेबानं दुप्पट होते, आणि बॅटरी म्हणजे गाडीच्या किमतीतला फार मोठा वाटा. मग दाजींनी रुमालानं घाम पुसला आणि हप्त्याचा विचार करून गारवा मनातल्या मनात बॅटरीला देऊन टाकला. त्याच सुमारास माझ्या हातातला मोबाइल काळा पडला. काचेतून येणाऱ्या उन्हात तो इतका तापला, की 'थंड झाल्यावर वापरा' अशी सूचना देऊन बंद झाला. बऱ्याच फोनच्या माहितीपत्रकात शून्य ते पस्तीस अंशांत वापरावा असं लिहिलेलं असतं. म्हणजे मार्च ते जून इंदापूर तालुक्यात फोन वापरणं नियमबाह्यच म्हणायचं. बॅटरीचा ताप मोजणाऱ्या यंत्रालाच ताप भरला. त्याला भाचेसुनेनं ताकाच्या किटलीला टेकवून ठेवलं, तेव्हा ते शुद्धीवर आलं.

निमगावच्या अलीकडे सासुरवाडीचा रस्ता आला आणि गेला. भाच्यानं गाडी वळवली नाही. "फास्ट चार्जिंग केल्याशिवाय चाचणी पुरी होत नाही," तो म्हणाला, "इंदापूरला हायवेवर जाऊ, भरू, आणि मागं येऊ." ही गोष्ट त्यानं आधी कुणाला सांगितली नव्हती. धोंड्याचा जावई भर दुपारी सासऱ्याच्या दारावरून सुसाट पुढे निघून गेला, हे दृश्य बांधावर उभ्या असलेल्या सासऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलं, आणि पाचव्या मिनिटाला भाचेसुनेचा फोन वाजला. ती नुसतं "अहो आबा, येतोय, चार्जिंग करून येतोय" असं म्हणत होती. पलीकडून काय येत होतं ते तिनं आम्हाला सांगितलं नाही.

इंदापूरजवळ सोलापूर हायवेला एका हॉटेलच्या आवारात चार्जर होता. चार्जर बसवणाऱ्यानं त्याला आवारातली सगळ्यात प्रशस्त जागा दिली होती, जिथं एकही झाड नव्हतं. केबल हातात घेतली तर चटका बसला. चार्जिंग सुरू झालं आणि गाडीच्या तोंडातला पंखा असा घोंगावायला लागला की हॉटेलच्या आचाऱ्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

चाचणीतला हा सगळ्यात अवघड पेपर. विद्युतप्रवाह दुप्पट केला की उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. तीस किलोवॅटनं भरताना तीन-चार टक्के जरी उष्णतेत गेले तरी बॅटरीच्या पोटात किलोवॅटभराची शेगडी पेटली असं समजायचं, आणि गाडी उभी असल्यामुळे वारा नाही. गरम सेल ४०, मग ४२. गार सेल ३७. इथं टेलचा प्रश्न उघडा पडला, फरक बरोबर पाच. आणि मग गाडीनं कुणाला न विचारता स्वतःच चार्जिंगचा वेग उतरवला. तीसवरून अठरा. पडद्यावर सुधारित वेळ आली, आधी सांगितली होती त्याच्यापेक्षा बरीच जास्त.

मला त्या बॅटरीचा हेवा वाटला. ऊन फार आहे, आता माझ्याच्यानं एवढंच होईल, असं ती सरळ सांगते आणि तिच्यावर कुणी रागवत नाही. उलट हे तिचं वैशिष्ट्य म्हणून माहितीपत्रकात छापतात. याच तालुक्यात बेचाळीस अंशांत बारा पस्तीसच्या मुहूर्तावर नवरदेव कोट घालून घोड्यावर बसतो, बँडवाला तितक्याच उन्हात ट्रम्पेट फुंकतो, आणि घोड्यासकट कुणालाही वेग उतरवायची परवानगी नसते.

शेजारी एक इलेक्ट्रिक अ‍ॅपे येऊन उभी राहिली. अ‍ॅपे म्हणजे आमच्या बारामतीच्या एमआयडीसीतली लेक. पियाजिओचा कारखाना तिथंच आहे. ड्रायव्हरनं आमचा पंखा ऐकला, मोबाइलवरचे आकडे पाहिले आणि विचारलं, "तुमच्या बॅटरीला येवढी सरबराई? आमची आपली वाऱ्यावर." बहुतेक तीनचाकींत कूलंट नसतंच. बॅटरी लहान, वेग कमी, वाऱ्यावर भागतं. "आणि उन्हात तापली तर?" मी विचारलं. "मंग ती बी झोपती, मी बी झोपतो," तो म्हणाला, आणि सीटवर पाय वर घेऊन त्यानं ते करूनही दाखवलं.

बसल्या बसल्या भाच्यानं ॲरिझोनाची गोष्ट सांगितली. निसानच्या लीफ या गाडीच्या बॅटरीला कूलंट नव्हतं. २०१२ साली फिनिक्सच्या वाळवंटी उन्हात लोकांच्या बॅटऱ्या अपेक्षेपेक्षा लवकर क्षीण व्हायला लागल्या, तक्रारी झाल्या, शेवटी कंपनीनं उष्णता जास्त सोसणारी वेगळी बॅटरी आणली. तिचं नाव पडलं सरड्याची बॅटरी. हे ऐकून दाजींनी कडबनवाडीच्या माळाकडे हात केला. त्या गवताळ माळावर चिंकारा आहेत, लांडगे आहेत आणि भर बाराला दगडाला चिकटून बसणारे सरडे तर किती! "मंग हितनंच न्यायची की त्यांनी," दाजी म्हणाले, "बॅटरी न्हाय, सरडं."

दोन वाजून गेल्यावर आम्ही सासुरवाडीला पोचलो. मला वाटलं होतं आबा चिडलेले असतील. ते चिडलेलेच होते, पण गाडी बघून त्यांनी राग बाजूला ठेवला. "आत घ्या, आत घ्या," करत त्यांनी गाडी दारात न लावता सरळ गोठ्याकडे वळवली. आबांकडे होल्स्टिन जातीच्या गाई आहेत, पिवळे बिल्ले कानात अडकवलेल्या. मुक्त गोठा, वर पत्र्यावर उसाचं पाचट, चार मोठे पंखे, आणि नळीतून धुक्यासारखं पाणी सोडणारे फॉगर. गाडी दोन गाईंच्या मध्ये उभी राहिली. एका गाईनं आरशाला जीभ लावून बघितली.

आबांनी मोबाइल मागून घेतला. "ह्यो शेवटचा आकडा टेलचा का?"

"हो, सगळ्यात गरम सेल."

"फरक पाच. आमच्या चारीला येवढाच राहिला असता तर म्या दरवर्षी अर्ज केलं नसतं." मग त्यांचे प्रश्न सुरू झाले. पंप सारखा चालतो की थांबून थांबून? पंखा किती अंशाला लागतो? पाणी कमी झालं तर गाडी आधी सांगते की मागून? रातीला बॅटरी किती उतरते? पूर्ण उतरल्याशिवाय दुसऱ्या दिवशी जोर देता का? भाच्याच्या चाचणीत रात्रीचा भाग नव्हताच. आबांना तो नसल्याचं आश्चर्य वाटलं. या गाई मूळच्या हॉलंडच्या. पंचवीस अंशांच्या वर हवा गेली की त्यांना ताण यायला लागतो, धाप लागते, वैरण कमी होते आणि दूध उतरतं. दुपारचं ऊन एक वेळ चालतं, आबा म्हणाले, रात गार पडली नाही की जनावर खचतं. गाडी सहा महिने वापरणाऱ्या आमच्यातल्या कुणालाही जे विचारायला सुचलं नव्हतं, ते त्यांनी गाडीला पाहिल्यापासून दहा मिनिटांत विचारलं.

मग त्यांनी फॉगर सुरू केले. भाचा "अहो नको, बोअरचं पाणी, काचेवर डाग पडतात" म्हणत पुढे धावला, तोवर गाडीवर पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी उमटायला लागली होती. गाई खूश झाल्या. तो निमूटपणे हात धुवायला गेला.

जेवणात नऊ धोंडे वाढले गेले. तूप, गुळवणी, आमरस. चौथ्या धोंड्याला वीज गेली, पंखा थांबला. भाच्याच्या कपाळावरून घामाची धार वाटीकडे निघाली, आणि सासूबाई ताटाशी पाचवा घेऊन उभ्या. त्यानं हात आडवा करून वेग उतरवायचा प्रयत्न केला. "अहो जावईबापू, असं कसं, वर्ष-तीन वर्षांतनं येतो महिना," म्हणत त्यांनी तो ताटात सोडलाच. फॉगर मात्र इन्व्हर्टरवर असल्यामुळे चालू होते.

संध्याकाळी निघताना मी गोठ्यात आकडा बघायला गेलो. गरम सेल ३३, गार सेल ३२. आबा दारापाशी खुर्ची टाकून गोठ्याची वही भरत बसले होते. तीत प्रत्येक गाईच्या बिल्ल्याचे शेवटचे चार आकडे, सकाळचं दूध, संध्याकाळचं दूध, वैरण आणि शेरा, असे रकाने. गाईंच्या ओळी संपल्यावर त्यांनी खाली गाडीचा नंबर लिहिला. दुधाच्या दोन्ही रकान्यांत रेघ मारली. वैरणीत 'इंदापूर हायवे' लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यापाशी थांबले, मोबाइल परत मागून बघितला, आणि लिहिलं, 'दुपारी तोंडाला फेस. आता ताप नाही.'